नववी-दहावीचं गणित आणि भौतिकशास्त्र: मुलं आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

संध्याकाळी माझ्याकडे नववी-दहावीची पोरं वह्या घेऊन बसतात. चेहरे दरवर्षी बदलतात, प्रश्न मात्र बरेचसे तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाला धरून आहेत. दहावीला भौतिकशास्त्र नावाचा स्वतंत्र विषय नसतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे हे धडे रसायनाच्या धड्यांशेजारी बसलेले असतात. इथे भौतिकशास्त्र म्हणताना मला ते धडे आणि नववीचे गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, परावर्तन, ध्वनी हे धडे अभिप्रेत आहेत.

सर, वर्गात सगळं समजतं. घरी वही उघडली की एक गणित सुटत नाही. असं का?

आई पोळी लाटते ते तू जन्मापासून बघतोयस. एक गोल लाटून दाखव बरं.

फळ्यावर गणित सुटत असतं तेव्हा त्यातलं सगळ्यात अवघड काम शिक्षकांनी आधीच केलेलं असतं. ते काम म्हणजे पहिली ओळ काय लिहायची हे ठरवणं. पुढचा गुणाकार-भागाकार कुणालाही पटतो, म्हणून आपण मान डोलावतो आणि आपल्याला वाटतं, आलं. घरी कोऱ्या पानासमोर बसलं की नेमकी ती पहिली ओळच सुचत नाही.

यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाच, नीट वाच. मग पुस्तक मिटव आणि हाताला लागणार नाही इतकं लांब ठेव. कोऱ्या पानावर तेच उदाहरण सोडव. अडलास तर उठ, पुस्तक उघड, फक्त पुढची एक ओळ बघ, मिटव आणि गणित पुन्हा वरून सुरू कर. मधून नाही, वरून. एकदाही न उघडता शेवटपर्यंत गेलास की तेच गणित दोन दिवसांनी कर आणि आठवड्याने आकडे बदलून कर.

पहिले काही दिवस फार चिडचिड होते, कारण आपल्याला किती येत नाही ते उघडं पडतं. माझ्याकडच्या एका मुलीने पुस्तक जितक्यांदा उघडलं तितक्या रेघा पानाच्या कोपऱ्यात मारायला सुरुवात केली. वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणाला पहिल्या दिवशी पाच रेघा होत्या. तिला त्या रेघांची लाज वाटायची. मला त्या पाच रेघा पाच सुबक उतरवलेल्या गणितांपेक्षा मोलाच्या वाटल्या. पाहून उतरवलेल्या गणिताची वही सुंदर दिसते, पण त्यात अभ्यास झालेला असतोच असं नाही.

सूत्रं पाठ करायची की नाही?

करायची. पण आधी ती कुठून आली ते एकदा स्वतःच्या हाताने काढायचं.

गतीची तीन समीकरणं घे. वेग-काल आलेख काढ. सुरुवातीचा वेग यू, शेवटचा व्ही, मध्ये तिरकी रेषा. त्या रेषेखाली एक आयत आणि त्याच्या डोक्यावर एक त्रिकोण तयार होतो. आयताचं क्षेत्रफळ यू गुणिले काळ, त्रिकोणाचं अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग. दोन्ही मिळून झालं विस्थापन. ज्याने हे चित्र दहा वेळा काढलंय, तो परीक्षेत 'अर्धा' विसरत नाही, कारण त्रिकोणाच्या क्षेत्रफळात अर्धा असतोच.

मग सूत्र बोलतं कसं ते ऐकायचं. व्हीचा वर्ग = यूचा वर्ग + २ एएस, ए म्हणजे त्वरण आणि एस म्हणजे विस्थापन. ताशी ३६ किमीने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने जाणाऱ्या दुचाकीने ब्रेक लावला आणि वेग दर सेकंदाला ५ मी/सेने कमी होत गेला, तर ती १० मीटरमध्ये थांबते. ताशी ७२ असेल तर? २० मीटर नाही, ४० मीटर. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. हे एकदा लक्षात आलेली मुलं घाटात बापाला गाडी हळू चालवायला सांगतात, असा माझा अनुभव आहे.

एक सावधानता. गतीच्या धड्यात यू म्हणजे सुरुवातीचा वेग आणि भिंगाच्या धड्यात यू म्हणजे वस्तूचं अंतर. व्हीचंही तेच. गुरुत्वाकर्षणात कॅपिटल जी हा विश्वाचा स्थिरांक आहे आणि स्मॉल जी हे गुरुत्व त्वरण, जे पृथ्वीवर वेगळं आणि चंद्रावर वेगळं. म्हणून सूत्र लिहिलं की शेजारी प्रत्येक अक्षराचा अर्थ मराठीत लिहायचा. कंटाळा आला तरी लिहायचा.

चिन्हांमध्ये नेहमी घोळ होतो. भिंगाचं गणित बरोबर की चूक ते कसं ओळखू?

चित्र काढ. हा प्रश्न मला इतका आवडतो की याचं उत्तर जरा लांबणार आहे.

बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू भिंगापासून ३० सेमीवर. प्रतिमा कुठे? कार्टेशियन चिन्ह संकेताप्रमाणे वस्तू डावीकडे, म्हणून यू = −३०. नाभीय अंतर +२०. सूत्रात घातलं की एक छेद व्ही = एक छेद २० वजा एक छेद ३०, म्हणजे एक छेद ६०. प्रतिमा ६० सेमीवर, विशालन −२, म्हणजे उलटी आणि दुप्पट मोठी.

आता यूचं वजा चिन्ह विसर. एक छेद २० अधिक एक छेद ३०, म्हणजे एक छेद १२. उत्तर १२ सेमी. आकडेमोड चोख, उत्तर साफ चूक. आणि ज्याने फक्त आकडेच पाहिले त्याला ते कधीच कळणार नाही, कारण १२ हा आकडा कसा अगदी सज्जन दिसतो.

पण ज्याने आधी पेन्सिलीने किरणाकृती काढली आहे त्याला दिसतं की वस्तू नाभीच्या पलीकडे आहे, म्हणजे किरण भिंगाच्या दुसऱ्या बाजूला खरोखर एकत्र येणार आणि तेही नाभीच्या पलीकडेच. तिथे अंतर २० पेक्षा जास्तच हवं. १२ शक्यच नाही. आकृतीला परीक्षेत गुण असोत वा नसोत, ती आधी काढायची. तिने उत्तराला कुंपण घातलं जातं.

असं कुंपण प्रत्येक धड्यात असतं. अंकगणित श्रेढीत सामान्य फरक धन असेल तर पुढचं पद मागच्यापेक्षा मोठंच येणार. संभाव्यता १ पेक्षा जास्त येऊच शकत नाही. काटकोन त्रिकोणात कर्ण सर्वांत मोठा. मात्र कुंपणाने प्रत्येक चूक अडत नाही, हेही सांगून ठेवतो. ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडले तर एक छेद आर = अर्धा येतो. अनेक जण इथेच थांबतात आणि 'परिणामी रोध अर्धा ओहम' लिहून मोकळे होतात. उत्तर २ ओहम आहे. शेवटी उलटं करायचं राहिलं. समांतर जोडणीत परिणामी रोध सर्वांत लहान रोधापेक्षा कमी असतो, हे कुंपण इथे उपयोगाचं नाही, कारण अर्धाही तीनपेक्षा कमीच आहे. अशा चुकीसाठी वेगळी वही लागते. तिच्याबद्दल खाली सांगतो.

भूमितीची प्रमेयं डोक्यावरून जातात. पाठ केली तर चालतील का?

पाठ केलीस तर आकृतीतली अक्षरं बदलली की संपलं. पुस्तकात त्रिकोण एबीसी आहे, पेपरात पीक्यूआर आला आणि तोही आडवा झोपलेला, की पाठांतर गडगडतं.

प्रमेय शिकताना पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) एवढंच पुस्तकातून घे. आकृती स्वतः काढ, मुद्दाम वेगळ्या अक्षरांनी, मुद्दाम तिरकी. मग साध्याकडून मागे चालत ये. समज, दोन गुणोत्तरं समान दाखवायची आहेत. गुणोत्तरं समान कधी येतात? त्रिकोण समरूप असले की. मग कोणते दोन त्रिकोण? ज्यांच्या बाजू साध्यात दिसतात ते. ते समरूप आहेत हे दाखवायला दोन कोन पुरेत. एक कोन सामाईक दिसतोय, दुसरा कुठून आणू? असं मागे मागे येत पक्षापर्यंत पोहोचलास की सिद्धता उलट्या क्रमाने लिहायची, एवढंच उरतं. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, पायथागोरसचं प्रमेय, स्पर्शिका-छेदिका, सगळीकडे हीच चाल चालते.

प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहायची सवय नववीतच लागली पाहिजे. कारण लिहिता आलं नाही तर ते विधान तू समजून नाही, आठवून लिहिलंयस.

रचनांसाठी एकच सांगणं: कंपासचा स्क्रू घट्ट कर आणि पेन्सिलीला टोक कर. हसू नकोस.

मुलगा म्हणतो भौतिकशास्त्र अवघड आहे. मला वाटतं त्याचं गणितच कच्चं आहे. कसं ओळखायचं?

तुमचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. त्याला चार गोष्टी करायला सांगा: एक तृतीयांशमधून एक पंचमांश वजा कर; व्ही = आय गुणिले आर यातून आय वेगळा काढ; ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला किती मीटर ते सांग; १० चा पाचवा घात भागिले १० चा वजा दुसरा घात किती? उत्तरं दोन पंधरांश, व्ही भागिले आर, २० आणि १० चा सातवा घात. यातल्या दोनमध्ये तो अडखळला, तर गुरुत्वाकर्षणाचा धडा चार वेळा समजावून काही होणार नाही.

सातवी-आठवीची गणिताची पुस्तकं काढा. नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात. अपूर्णांक, घातांक, समीकरणं, गुणोत्तर, एवढेच धडे घ्यायचे. दिवाळीच्या सुट्टीत होऊन जातं. दहावीतल्या मुलाच्या हातात सातवीचं पुस्तक बघून घरातल्या कुणी टोमणा मारू नये, इतकी मात्र खबरदारी घ्या.

मराठी माध्यम की सेमी इंग्रजी? अकरावीत सायन्सला सगळं इंग्रजीत असतं म्हणे.

सेमीच्या मुलाला अकरावीत पहिले दोन-तीन महिने सोपे जातात, हे खरं. पण फक्त त्यासाठी समजणारी भाषा सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. मराठी परिभाषेचा एक मोठा फायदा कुणी सांगत नाही. तिच्यात शब्दच पुष्कळदा व्याख्या सांगतो. अप्रकट उष्मा म्हणजे जी प्रकट होत नाही ती. ० अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो आणि तापमापीचा पारा जागचा हलत नाही. गेली कुठे उष्णता? लपली. १०० अंशाच्या पाण्याची वाफ होताना अशीच ५४० कॅलरी लपते, म्हणून कुकरच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट.

उलट काही ठिकाणी आपलीच बोलीभाषा पाय ओढते. भाजीवाला 'वजन दोन किलो' म्हणतो. विज्ञानात ते वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये. बोलताना आपण सगळ्यालाच वेग म्हणतो; पुस्तकात चाल वेगळी आणि दिशेसह सांगितला तो वेग. डोक्यावर पोतं घेऊन नुसता उभा असलेला हमाल घामाघूम होतो, पण पुस्तकाच्या हिशेबात पोत्यावरचं त्याचं कार्य शून्य, कारण विस्थापन नाही. हा अन्यायच आहे, पण व्याख्या ती व्याख्या.

मराठी माध्यमाच्या मुलांनी नववीपासून वहीच्या मागच्या पानांवर जोड्या लिहाव्यात: त्वरण – ॲक्सिलरेशन, संवेग – मोमेंटम, रोध – रेझिस्टन्स, विभवांतर – पोटेन्शियल डिफरन्स, अपवर्तन – रिफ्रॅक्शन, जीवा – कॉर्ड, स्पर्शिका – टॅन्जंट, वर्गसमीकरण – क्वाड्रॅटिक इक्वेशन. स्पेलिंगसह लिहायच्या. दोन वर्षांत दीड-दोनशे जोड्या होतात आणि अकरावीच्या पहिल्या आठवड्यात इतर मुलं शब्दांशी झगडत असताना ही मुलं गणिताशी झगडतात.

चुकांची वही म्हणजे काय? ती कशी ठेवायची?

शंभर पानी साधी वही. चुकलेलं प्रत्येक गणित तिच्यात नाही, चुकलेली ओळ फक्त. डावीकडे आपण काय लिहिलं, उजवीकडे काय हवं होतं आणि खाली एका वाक्यात का चुकलं. 'दुर्लक्ष' हा शब्द या वहीत लिहायला माझ्याकडे बंदी आहे, कारण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. 'एक छेद आर काढून थांबलो, उलटं केलं नाही' हे कारण. 'सेमीचं मीटर न करता भिंगाची शक्ती काढली' हेही कारण.

महिन्याभरात दिसतं की आपण पन्नास वेगवेगळ्या चुका करत नाही. पाच-सहाच करतो, पुन्हा पुन्हा. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला या वहीइतकी चांगली दुसरी वही नाही.

रोज किती तास?

तासांवर माझा विश्वास नाही. रोज गणिताची सहा-सात उदाहरणं पुस्तक मिटून, आणि एक दिवसाआड भौतिकशास्त्राची तीन-चार. एकाच सरावसंचातली ओळीने वीस गणितं करू नयेत. चौथ्या गणितापासून हात आपोआप चालतो आणि डोकं झोपतं. दोन आजच्या धड्यातली, दोन मागच्या महिन्यातली, एक गेल्या वर्षीचं, अशी मिसळ करावी. पेपरातही प्रश्न धड्याचं नाव सांगून येत नाहीत.

क्लास लावावा का? यूट्यूब पुरेल का?

क्लासमध्ये मूल स्वतः सोडवतं की तिथेही फळ्यावरचं उतरवून घेतं, ते बघा. उतरवून घेत असेल तर शाळेचीच दुसरी फेरी झाली, ती पैसे देऊन. व्हिडिओचंही तसंच: मध्येच थांबवून पुढची ओळ आधी वहीत लिहिली तर उत्तम, नाहीतर ती करमणूक. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक उदाहरण हातून सुटल्यावर आणा. त्याआधी नको.

शाळेत प्रयोग फारसे होत नाहीत. घरी काही करता येईल?

पुष्कळ. आजोबांचा वाचायचा चष्मा घे. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभं राहून काच मागे-पुढे कर. भिंतीवर बाहेरच्या इमारतीची छोटी, उलटी प्रतिमा उमटते. काचेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोज. ५० सेमी आलं, तर १ भागिले ०.५, म्हणजे चष्म्याचा नंबर +२. डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघ. काचेतून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही.

दोऱ्याला नट बांधून १ मीटर लांबीचा लंबक कर. वीस आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात. नट दुप्पट जड घे, वेळ तीच राहते. दोरा पाव मीटरचा कर, वेळ निम्मी. असं का, ते आधी स्वतः विचार करून बघ.

आणि विजेचं बिल. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख जूल. २००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास जळला तर दीड युनिटही नाही. आता सांग, घरात कुणाला कशावरून ओरडायला हवं. हिशेब कागदावरच करायचा. घरातल्या प्लग-बोर्डाशी खेळायचं नाही, प्रयोगाला टॉर्चचे सेल पुरतात.

पेपर वेळेत पूर्ण होत नाही.

सध्या बीजगणित, भूमिती आणि विज्ञानाचे दोन भाग, प्रत्येक पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा आहे. म्हणजे गुणाला तीन मिनिटं. दोन गुणांच्या प्रश्नावर दहा मिनिटं गेली की पुढच्या कुणाचे तरी पाय कापले जातात. कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून २० पर्यंतचे पाढे, ३० पर्यंतचे वर्ग आणि ३०, ४५, ६० अंशांच्या त्रिकोणमितीय किमती जिभेवर हव्यात. अडलेलं गणित अर्धवट का होईना, लिहून ठेव. सूत्र आणि किमती घातलेली ओळ कोऱ्या जागेपेक्षा केव्हाही बरी.

मला गणित आवडतच नाही. काय करू?

अभ्यासक्रम दहा मिनिटं बाजूला ठेव. नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. त्यांना संख्यांशी खेळायचा नाद होता आणि त्या नादातून त्यांचं नाव जगभरच्या गणितज्ञांपर्यंत पोहोचलं. त्यांचा एक खेळ असा: कोणतीही चार अंकी संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या क्रमाने लाव, मोठ्यातून लहान वजा कर. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच कर.

३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं तेच करून बघ. मग तुझ्या जन्मसालापासून सुरुवात कर. आणि तीन अंकी संख्या घेतली तर काय होतं, ते मी सांगणार नाही.